आयसीयूच्या दारातली ‘देवाची इच्छा’

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

इच्छामरण किंवा वैद्यकीय इच्छापत्र (आपण सांगू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) हा विषय वर्तमानपत्रात आला की ‘ख्रिस्ती धर्माचा याला विरोध आहे’ हे वाक्य ठरल्यासारखे येते आणि पुढे कोणी काही विचारत नाही. विरोध आहे तो जीव घेण्याला: मारण्याच्या हेतूने दिलेल्या इंजेक्शनला, किंवा मरावे म्हणूनच साधी शुश्रूषा बंद करण्याला. आयसीयूतले प्रत्येक यंत्र शेवटच्या श्वासापर्यंत चालूच ठेवले पाहिजे, असे चर्चने कधी सांगितलेले नाही. हा फरक दर रविवारी चर्चला जाणाऱ्या कितीतरी घरांना माहीत नसतो आणि त्याचे भोग रुग्णाच्या वाट्याला येतात. कळव्यापासून बेलापूरपर्यंत रुग्णभेटीला जाणारे आम्ही काही जण आहोत. कोणी कॅथलिक धर्मग्रामातले, कोणी प्रोटेस्टंट मंडळ्यांतले. हे पत्र त्या घरांसाठी आहे. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांनाही यातले निम्मे तरी उपयोगी पडावे, कारण सही करायची वेळ सगळ्यांवर सारखीच येते.

प्रसंग ओळखीचा आहे. आई पंचाहत्तरीची, आधीपासून हृदय अधू, किडन्या अधू, त्यात आता न्यूमोनिया. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, श्वासाला त्रास होतोय, ट्यूब टाकावी लागेल, सही करा. बाकड्यावर थोरला मुलगा, सून, अहिल्यानगरहून रात्रीच्या गाडीने आलेला पुतण्या आणि फोनच्या पडद्यावर दुबईची लेक. दोन मिनिटे कोणी बोलत नाही. मग कोणीतरी म्हणते, ‘देवाची इच्छा असेल ते होईल,’ आणि सगळे मान हलवतात.

आयसीयूचा रिवाज असा, की थांबा असे कोणी सांगितले नाही तर उपचार पुढे चालू. म्हणून त्या मान हलवण्यातून घशात व्हेंटिलेटरची, म्हणजे श्वासयंत्राची, ट्यूब येते. रक्तदाब पडला की मानेतल्या मोठ्या शिरेत औषधांची नळी (सेंट्रल लाइन), लघवी थांबली की डायलिसिस, दहा-चौदा दिवसांत ट्यूब निघाली नाही की गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी. दर टप्प्याला नवा कागद, नवी सही. यातले काहीच मुळात चुकीचे नाही. न्यूमोनियात व्हेंटिलेटरवर जाऊन पुन्हा आपल्या पायांनी घरी गेलेली माणसे आहेत. पण ट्रॅकिओस्टॉमीपर्यंत पोचलेल्या अनेक घरांत कोणी काही ठरवलेले नसते, आणि त्याला नाव मात्र देवाच्या इच्छेचे दिलेले असते.

वधाच्या आदल्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना सगळ्यांना पाठ आहे, पण तिचा क्रम विसरला जातो. येशू आधी स्वतःला काय हवे ते सरळ सांगतो: हा प्याला माझ्यापासून टळू दे. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे त्यानंतरचे. बाकड्यावर बसलेली मंडळी पहिला भाग गाळून दुसऱ्यावर जातात. आईला काय हवे होते, आम्हाला कशाची भीती वाटते, पैसे किती उरलेत, हे देवासमोरही बोलले जात नाही आणि एकमेकांसमोर तर नाहीच.

आता चर्चचे म्हणणे. जगण्यासाठी माणसाने कुठवर उपाय करावेत हा प्रश्न व्हेंटिलेटरच्या चारशे वर्षे आधीचा आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया या डोमिनिकन धर्मपंडिताने मत मांडले, की जीव राखणे कर्तव्य आहे, पण त्यासाठी सगळेच उपाय करण्याचे बंधन कोणावर नाही. पुढे साधारण उपाय (वाजवी आशा असलेले, झेपणारे) आणि असाधारण उपाय (फळाच्या मानाने भलतेच जड) अशी विभागणी रूढ झाली. कृत्रिम श्वासयंत्रे आली तेव्हा भूलतज्ज्ञांनी प्रश्न विचारले आणि २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी उत्तर दिले: साधारण उपाय करणे बंधनकारक, असाधारण नाही. १९८० मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या जाहीरनाम्यात कुटुंबावर आणि समाजावर अवाजवी खर्च पडू नये ही इच्छासुद्धा उपचार नाकारण्याचे रास्त कारण ठरू शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. घर गहाण टाकायला निघालेल्या मुलांना हे कोणी वाचून दाखवत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २२७८ मध्ये, बोजड, धोकादायक, असाधारण किंवा मिळणाऱ्या फळाच्या मानाने भलतेच जड असे उपचार थांबवणे रास्त ठरू शकते, असे लिहिले आहे. निर्णय रुग्णाचा, तो सक्षम नसेल तर कायद्याने अधिकार असलेल्यांचा, आणि त्यांनीही रुग्णाची वाजवी इच्छा आणि हित यांचा मान राखूनच तो घ्यायचा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्वतः शेवटचे दिवस कसे काढले तेही आठवावे. मार्च २००५ च्या अखेरीस प्रकृती ढासळली तेव्हा त्यांना पुन्हा इस्पितळात हलवले नाही. २ एप्रिलला ते आपल्या निवासातच वारले.

ठाण्याच्या भूमीवर १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी श्रद्धेपायी मारले गेले आणि चर्च त्यांना हुतात्मे मानते. शरीराचे आयुष्य वाढवणे हेच सर्वांत मोठे कर्तव्य असते तर हुतात्म्यांना मान कशाला मिळाला असता?

प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा एकच एक अधिकृत ग्रंथ नाही. तिथे पवित्र शास्त्र, सद्सद्विवेक आणि मंडळीतल्या वडिलांचा सल्ला यांवर भिस्त असते. निष्कर्ष पुष्कळदा तिथेच येऊन पोचतो, पण ‘आशा सोडणे म्हणजे अविश्वास’ हे दडपण तिकडे जास्त जाणवते. यंत्र बंद केले तर देवाला चमत्काराची संधीच राहणार नाही, असे म्हणणारे भेटतात. येशूने जिवंत केले तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. देवाला चमत्कार करायला विजेचे कनेक्शन लागत नाही.

प्रत्यक्षात मात्र नुसत्या तत्त्वाने सही होत नाही. उपचार ‘फळाच्या मानाने जड’ आहे की नाही हे ठरवायला आधी फळ काय ते कळायला हवे, आणि ते डॉक्टरांकडून नेमके प्रश्न विचारूनच कळते. ‘आई बरी होईल ना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला ‘आम्ही प्रयत्न करतोय’ हेच उत्तर येणार. विचारायचे ते असे: आत्ता जे बिघडले आहे ते उलटवता येण्यासारखे आहे का? किती अवयव बिघडलेत, एक की तीन? अशा अवस्थेतल्या दहा जणांपैकी साधारण किती घरी जातात? सगळे उत्तम पार पडले तर सहा महिन्यांनी आई माणसे ओळखेल का, तोंडाने खाईल का, उठून बसेल का? आणि पुढचा उपचार बरे करण्यासाठी आहे, वेळ मिळवण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? ‘तुमची आई असती तर तुम्ही काय केले असते?’ असे बरेच जण विचारतात. डॉक्टर माणूस म्हणून उत्तर देतीलही, पण ते त्यांच्या आईबद्दलचे असेल. हे बोलणे दारात उभ्याने करू नये. बसून बोलायला वेळ मागावा, दोन-तीनच जणांनी आत जावे आणि एकाने लिहून घ्यावे. लिहून न घेतल्यास बाहेर येईपर्यंत तिघांच्या तीन आवृत्त्या होतात.

उत्तर ‘सांगता येत नाही’ असे आले, आणि खरे उत्तर बहुतेक वेळा तेच असते, तर मुदत घालून उपचार सुरू करावेत. व्हेंटिलेटर लावा, तीन ते पाच दिवस पाहू, असे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. कशावरून सुधारणा धरायची तेही तेव्हाच ठरवायचे: ऑक्सिजनची गरज उतरतेय का, रक्तदाबाच्या औषधाचा डोस कमी होतोय का, लघवी होतेय का, गुंगीचे औषध कमी केल्यावर डोळे उघडून प्रतिसाद मिळतोय का. तारीख कागदावर घालायची. मुदत संपली आणि काटा उलट्या दिशेला गेलेला असेल तर ट्यूब काढण्याचा विचार करता येतो. सुरूच न करणे आणि सुरू करून थांबवणे यांत मनाला मोठे अंतर वाटते, पण चर्चच्या शिकवणुकीत नैतिकदृष्ट्या ते नाही आणि भारतीय कायद्यातही नाही.

ट्यूब टाकण्यापूर्वीची दहा मिनिटे फार मोलाची असतात आणि जवळपास प्रत्येक घरात ती वाया जातात. एकदा ट्यूब घशात गेली की बोलणे बंद, तोंडाने काही घेणे बंद. पापनिवेदन करायचे असेल, कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यायचे असेल, मुलांशी दोन शब्द बोलायचे असतील, तर ते आधीच. म्हणून फादरना किंवा पाळकांना बोलावणे रुग्ण वॉर्डात असतानाच व्हावे. ‘फादर आले म्हणजे संपले’ ही समजूत अजून घट्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ च्या नव्या विधीपासून, तेल लावण्याचा संस्कार गंभीर आजारी माणसासाठी आहे. तो केवळ मरणपंथाला लागलेल्याचा नाही आणि आजार बळावला तर पुन्हाही देता येतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही वडिलांना बोलावून तेल लावायला सांगितले आहे ते आजाऱ्याला. आयसीयूत एकाच माणसाला पाच मिनिटे सोडतात, तेव्हा फादर येण्याआधी तिथल्या नर्सशी बोलून वेळ ठरवावी. भेटीच्या वेळेत सगळे नातेवाईक आत-बाहेर करत असले की फादर दारातच राहतात.

आता निवड करण्याची रीत. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हा मुळातला शिपाई. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या मनात येणाऱ्या विचारांची पारख करायला तो शिकला. पुढे त्याने निर्णयाच्या तीन वेळा सांगितल्या. पहिली, शंकेला जागाच नसते अशी: जकातनाक्यावर बसलेला मत्तय येशूची हाक आली तसा उठून चालू लागला. दुसरी, मनात दिलासा आणि विषाद यांची ये-जा होते आणि तिच्यावरून हळूहळू दिशा कळते. तिसरी, मन शांत असते, काहीच हलत नाही, आणि बुद्धीने तोलून ठरवावे लागते. इस्पितळाच्या बाकड्यावरच्या प्रत्येकाला पहिली वेळ हवी असते: स्वप्न पडावे, वचन मिळावे, खूण दिसावी. वाट्याला बहुधा तिसरी येते. ती कमी दर्जाची आहे असे इग्नेशियस कुठेही म्हणत नाही.

त्याची पहिली अट अशी, की मन तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे हवे, कोणत्याही पारड्याकडे आधीच झुकलेले नको. आईच्या बाबतीत हे जवळपास अशक्य, पण कोण कुठे झुकलेय हे तरी मोकळेपणी सांगता येते. मग चार रकाने: उपचार चालू ठेवल्याचा फायदा, तोटा, थांबवल्याचा फायदा, तोटा. ही पद्धत मुळात स्वतःच्या आयुष्याच्या निवडीसाठी आहे. दुसऱ्यासाठी ठरवताना तिच्यात एक दुरुस्ती हवी, ती अशी: रकान्यातली प्रत्येक ओळ रुग्णाच्या बाजूची असली पाहिजे. ‘हात बांधून ठेवावे लागतात’, ‘नातवाच्या लग्नापर्यंत राहायचे असे म्हणाली होती’, ‘वडिलांना यंत्रावर पाहून मला असे नको म्हणाली होती’ या ओळी आत. ‘लोक काय म्हणतील’, ‘दुबईची ताई आयुष्यभर बोलणार नाही’, ‘मला अपराधी वाटेल’ या ओळी कागदाच्या पाठीमागे. खोडायच्या नाहीत, पाठीमागे लिहायच्या. पाठ भरलेली आणि पुढची बाजू रिकामी असेल तर निर्णय कोणासाठी चाललाय ते वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी ओळी मोजायच्या नसतात. कोणते कारण वजनदार आहे ते पाहायचे असते.

इग्नेशियसची आणखी एक युक्ती इथे चपखल बसते. कधी न पाहिलेला परका माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल? भावंडांनी याचे उत्तर एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर लिहावे आणि मग उघडावे. पुष्कळदा चारही चिठ्ठ्यांवर एकच उत्तर निघते.

वैद्यकीयदृष्ट्या सवड असेल तर निर्णय एक रात्र तसाच ठेवून सकाळी प्रार्थनेत पुन्हा पाहावा. मन निवले की नाही यावरून पारख करताना दोन गफलती होतात. रडू येते म्हणजे निर्णय चुकला, ही पहिली. इग्नेशियसने प्रेमापोटी आलेल्या अश्रूंची गणना दिलाशात केली आहे. दुसरी उलटी: चार रात्रीच्या जागरणानंतर ‘एकदाचे संपू दे’ म्हणून येणाऱ्या सुटकेलाच शांती समजणे. ज्याची झोप झालेली नाही त्याच्या शांतीवर विसंबू नये. त्याला आधी घरी पाठवावे. आणि त्याचा सर्वांत उपयोगी नियम: विषादाच्या काळात आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नका. पहाटे तीनला एक जण कोसळतो, बाकीच्यांना हलवतो आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेले फिरवले जाते, हे नेहमीचेच. रक्ताचे रिपोर्ट बदलले, प्रकृतीने वेगळे वळण घेतले, तर विषय जरूर पुन्हा काढावा. नुसती रात्र बदलली म्हणून काढू नये.

काही आडवाटांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. डोळे मिटून बायबल उघडायचे, बोट ठेवायचे आणि जे वचन येईल तो देवाचा निरोप मानायचा, हा प्रकार आयसीयूबाहेर सर्रास चालतो. उशाखाली ठेवलेले एक्याण्णवावे स्तोत्र दिलासा देते हे खरेच, पण मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतानाने येशूला उडी टाकायला सांगताना याच स्तोत्रातले वचन ऐकवले होते. संदर्भ सोडून काढलेले वचन कोणत्याही बाजूने वापरता येते. दुसरे, चिठ्ठ्या. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण पवित्र आत्मा उतरल्यानंतर त्या पुस्तकात पुन्हा चिठ्ठी टाकलेली दिसत नाही. पंधराव्या अध्यायात मोठा पेच येतो तेव्हा माणसे जमतात, वाद होतो, सगळ्यांचे ऐकून घेतले जाते आणि निर्णय लेखी जातो. त्यात ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ‘व आम्हाला’ हे तिथे मुद्दाम आहे. तिसरे, व्हॉट्सॲपवर येणारे भविष्यकथन: ‘प्रभूने मला दाखवले, आई चाळिसाव्या दिवशी उठेल.’ प्रेषित पौल सांगतो, संदेश धिक्कारू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा. पारखीचा एक साधा प्रश्न असा: निरोप पाठवणारा त्या चाळीस दिवसांतल्या किती रात्री बाकड्यावर काढणार आहे? मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने ज्यांना झापले, ते देवाला अर्पण केले असे म्हणून आईबापांना द्यायचे चुकवणारेच होते. ‘आम्ही तिकडून प्रार्थना करतोय’ याची गत तशी होऊ नये.

वेदनाशमनाबद्दल भीती विनाकारण आहे. मॉर्फिन दिले म्हणजे मारले, असे नाही. हेतू वेदना आणि धाप कमी करण्याचा असेल आणि डोस गरजेपुरता वाढवत नेला असेल, तर आयुष्य थोडे घटण्याची शक्यता धरूनही ते चालते, हे पोप पायस यांनी १९५७ सालीच सांगितले होते. अन्नपाण्याचे मात्र वेगळे आहे आणि इथे कॅथलिक कुटुंबांनी काळजीपूर्वक ऐकावे. नळीने दिलेले अन्नपाणीसुद्धा तत्त्वतः साधारण शुश्रूषा मानले जाते. आई शुद्धीवर नाही एवढ्यावरून ते बंद करणे चर्चला मान्य नाही. शरीर ते पचवू शकत नसेल, पोट फुगत असेल, पाणी फुप्फुसात साचत असेल, तर बंधन उरत नाही. शेवटच्या दिवसांत तहान-भूक आपोआप मंदावते. तेव्हा ओल्या कापसाने ओठ टिपणे ही शुश्रूषाच.

मेंदूमृत्यू हा तर वेगळाच विषय. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून तो घोषित करते. छाती हलते, अंग गरम असते, म्हणून घरच्यांना पटत नाही. पण त्यानंतर उपचार थांबवावेत का हा प्रश्नच राहत नाही. माणूस गेलेला असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० मध्ये ही कसोटी काटेकोर लावली असल्यास मान्य धरली आणि अवयवदानाला प्रेमाची कृती म्हटले. देणे ऐच्छिक आहे. दफनविधीत त्याने काही उणे येत नाही.

कायद्याची बाजू. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुटसुटीत केली गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. एकाहून अधिक प्रतिनिधी नेमता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. पुढे वेळ आलीच तर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असे पहिले मंडळ, नंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ असे दुसरे मंडळ. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. मग इस्पितळ दंडाधिकाऱ्यांना कळवते. त्यांच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. इच्छापत्र नसले तरी हीच वाट आहे, पण तेव्हा जवळच्या नातेवाइकांची संमती लागते आणि तिथेच दुबई आणि अहिल्यानगर आमनेसामने येतात. ही वाट ठाऊक नसलेले काही जण पैसे संपले की ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून रुग्णाला घरी आणतात: ॲम्ब्युलन्समध्ये श्वास देणारी पिशवी हाताने दाबत, घरी ऑक्सिजन नाही, मॉर्फिन नाही, धाप लागलेली. हे सर्वांत वाईट. थांबायचेच असेल तर वेदनाशमनाची सोय आधी लावून, इस्पितळातच किंवा पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) सेवेच्या मदतीने घरी थांबावे.

इच्छापत्रे फसतात ती भाषेमुळे आणि कपाटामुळे. ‘मला यंत्रावर ठेवू नका’ एवढेच लिहिले तर तीन दिवसांत बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियातही ते आडवे येईल. ख्रिस्ती माणसाने लिहावे ते असे: बरे होण्याची वाजवी शक्यता असेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस ठरावीक मुदतीसाठी चालेल, मुदतीत सुधारणा नसेल तर काढावे, हृदय थांबले आणि मूळ आजार न बरा होणारा असेल तर छाती दाबून पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप नको, वेदनाशमन पूर्ण हवे, शरीर घेत असेल तोवर अन्नपाणी द्यावे, जीव घेण्यासाठी कोणतेही औषध देऊ नये, शुद्धीत असताना फादरना किंवा पाळकांना बोलवावे. आणि मग तो कागद लोखंडी कपाटात कुलूपबंद करू नये. रात्री दोन वाजता चावी कोणाला सापडत नाही. मूळ प्रत फाइलमध्ये, फोटो प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना विनंती, की इच्छापत्र स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, खोली आणि वेळ प्रत्येक प्रभाग कार्यालयात फलकावर लावावी. चर्चना विनंती, की नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना; त्यातल्या एका रविवारी मिस्सानंतर किंवा उपासनेनंतर हॉलमध्ये एक डॉक्टर, एक नोटरी आणि दोन टेबले मांडावीत. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत, ते शेजारच्या बाकावरच मिळतील. ओळखपत्राची प्रत सोबत आणावी, मुलांनाही आणावे. ‘आत्ताच कशाला हे?’ असे जो मुलगा म्हणेल, त्याचे नाव प्रतिनिधींच्या यादीत जरूर घालावे.

आपले,
रुग्णभेटीचे काम करणारे काही ख्रिस्ती कार्यकर्ते,
ठाणे व नवी मुंबई